अँप्युल ओपनर घ्या, पण आधी औषधाचं खोकं बघा

सर्जिकलच्या दुकानात काउंटरवर बरणीत ठेवलेला असतो तो प्लास्टिकचा अँप्युल ओपनर, त्याबद्दल लिहितेय. अँप्युल म्हणजे इंजेक्शनचं औषध भरून बंद केलेली छोटी काचेची नळी, तिची वरची शेंडी मोडून ती उघडायची असते. निळा, अंगठ्यापेक्षा थोडा लांब, एका टोकाला बारीक भोक आणि दुसऱ्या टोकाला मोठं. शंभराच्या आत मिळतो, कंपनीबिंपनीचं नाव काही छापलेलं नाही. मी कुडाळहून घेतला. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, ड्युटी संपली की गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन इंजेक्शनं पण देते, त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत उलटीचं, दुखण्याचं, लघवीचं, बी१२चं काही ना काही फोडणं चालूच असतं आणि डाव्या अंगठ्यावर बारीक बारीक कापल्याच्या खुणा आहेत त्या काय मासे कापून झालेल्या नाहीत.

तर ओपनर काम करतो का? करतो. अँप्युलची शेंडी त्या भोकात घालायची, खालचा भाग गॉजमध्ये धरायचा आणि मागे दाबायचं. बोटाने फोडताना जेवढा जोर लागतो त्याच्या निम्मा पण लागत नाही कारण धरायला लांब दांडा मिळतो, आणि तुटलेली शेंडी आतच अडकून राहते, ती मग सरळ काचेच्या निळ्या खुणेच्या डब्यात झटकायची, बोट लागतच नाही. ग्लोव्हज फाटत नाहीत हा मोठा फायदा, कारण फाटलेला ग्लोव्ह लक्षात येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता तक्रार. एक म्हणजे हा रंग. अहो, निळं अपारदर्शक प्लास्टिक कशाला? शेंडी आत गेली की मानेवरचा ठिपका, म्हणजे कुठून मोडायची त्याची खूण, दिसतच नाही आणि सगळा खेळ तर त्या ठिपक्याचा आहे. दुसरं, १ मिलीच्या सगळ्या अँप्युलची शेंडी सारखी नसते, काहींची बारीक लांबुडकी, काहींची फुगीर. बारीक असली की भोकात डुलत राहते, मग जोर मानेवर न येता वरतीच कुठेतरी येतो आणि शेंडीचा चुरा होतो. आमच्याकडच्या दुसऱ्या सिस्टरने ऑनलाइन पारदर्शक मागवलाय, त्यात आत रबराची पट्टी आहे, तो जास्त बरा, थोडा महाग आहे पण ठिपका दिसतो.

पण ओपनर वापरायला लागल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली. चांगली बनवलेली अँप्युल असेल तर ओपनर नसला तरी चालतं, आणि वाईट बनवलेली असेल तर ओपनर असून फारसा उपयोग नाही. म्हणून पुढचं सगळं अँप्युलबद्दलच आहे, ज्यांना फक्त ओपनरचं रेटिंग हवं त्यांनी पाचपैकी तीन समजावेत आणि आपल्या कामाला लागावं.

काच दाबायला भक्कम असते, ताणायला कच्ची. आणि तुटते ती बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या ओरखड्यापासून. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये हे मांडलं की काच हिशेबाने निघते त्यापेक्षा कितीतरी कमी जोरात तुटते कारण तिच्यावर आधीच बारीक चिरा असतात आणि सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. अँप्युल बनवणारे नेमकं हेच वापरतात, बाकीची काच गुळगुळीत आणि मानेवर मुद्दाम एक बारीक खाच. डॉटवाली जी असते तिच्यात खाच मानेला सगळीकडून नसते, एकाच जागी असते, आणि ती कुठे आहे ते कळावं म्हणून तिच्या अगदी वर रंगाचा ठिपका. ठिपका आपल्याकडे करायचा, अंगठा ठिपक्यावर, आणि शेंडी आपल्यापासून लांब मागे मोडायची. असं केलं की खाचेच्या बाजूची काच ताणली जाते, चीर तिथून सुरू होते आणि पलीकडे सरळ जाते. उलटं धरलं तर खाच दाबली जाते, म्हणजे तिचा काहीच उपयोग नाही, मग जोर वाढवायचा, आणि वाढवलेला जोर अचानक सुटतो तेव्हा काच कुठूनही जाते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना कोणी हे सांगतच नाही, फक्त "गॉज धरून फोड" एवढंच सांगतात. ठिपका म्हणजे कंपनीची खूण असेल असं समजणाऱ्या सिस्टर पण मी बघितल्यात.

रिंगवालीचं वेगळं. तिच्या मानेभोवती रंगाची पूर्ण रिंग असते, आणि तो नुसता रंग नाही, तो भट्टीत भाजून काचेवर बसवलेला असतो आणि गार होताना तो काचेएवढाच आकसत नाही, त्यामुळे तिथे काचेत कायमचा ताण राहून जातो. म्हणून ती कुठल्याही बाजूने धरा, तुटते. घाईच्या वेळी मला रिंगवाली आवडते. ठिपका शोधा, फिरवा, ही भानगड नाही. पण सगळ्यात स्वच्छ तुटते ती चांगली डॉटवालीच, काकडी मोडावी तशी कट्कन, आणि कडा पण कमी धारदार.

जुन्या सिस्टर सांगतात की पूर्वी खाचबिच काही नसायची, खोक्यातच एक छोटी आरी यायची, तिने मान घासायची आणि मग मोडायची. हे अँप्युल प्रकरणच तसं जुनं, १८८६ मध्ये पॅरिसच्या लिमुझँ नावाच्या औषधवाल्याने काढलेलं, म्हणजे एका डोसपुरतं औषध काचेत बंद करून जाळावर तोंड वितळवून टाकायचं. कल्पना एकदम भारी, बूच नाही, रबर नाही, औषधाला फक्त काचेचाच स्पर्श. फक्त उघडायचं कसं याचं उत्तर शोधत लोक अजून बसलेत.

म्हणजे उत्तर आहे, पण ते प्रत्येक खोक्यात असेलच असं नाही. मागे दवाखान्यात एका औषधाचा नवीन माल आला, स्वस्त रेटचा, आणि त्यातली एक अँप्युल धड फुटेल तर शपथ. ठिपका होता. ठिपक्याखाली खाच नव्हती, नखाने चाचपलं तर खाच भलतीकडेच, बाजूला सरकलेली. काहींना तर खाच इतकी उथळ की नख अडकतच नव्हतं, खाच घालणारं चाक झिजलं असणार. अशी अँप्युल मानेतून न तुटता खांद्यातून तुटते, अर्धं औषध गॉजमध्ये, उरलेलं वापरायचं नाही. सरांना दाखवलं तर सर म्हणाले, "सिस्टर, हळू फोडत जा ना." हळू! मग मी त्यांच्याच हातात दिली एक. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याला फोन गेला.

याला नियम नाहीत असं नाही. आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९१८७, त्याचा दुसरा भाग तर खास या डॉटवालीसाठीच आहे, आणि त्यात मापाप्रमाणे तोडायला किती जोर लागावा याची मर्यादा आहे, मशीनवर तोडून बघायचं असतं. म्हणजे नुसती औषध टिकेल अशी काच नाही, तर माणसाच्या हाताने तुटेल अशी काच, हा पण क्वालिटीचाच भाग धरलाय. आपल्याकडे खरेदी करताना मात्र एमआरपी, मार्जिन आणि एक्स्पायरी या तिन्हीच्या पुढे कोणी जात नाही. फोडणारा हात खरेदीच्या टेबलावर नसतो ना.

आता कोकणातल्या अडचणी. पावसात लाईट जाते, हे काय नवीन नाही, आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये तपकिरी काचेवरचा निळा ठिपका शोधून दाखवा कोणीतरी. तपकिरी काच लागतेच, काही औषधं उजेडात खराब होतात, त्याला इलाज नाही, पण मग ठिपका पांढरा किंवा पिवळा द्या की. काही कंपन्या देतात, त्यांचे आभार. फ्रीजमधून काढलेली अँप्युल आमच्या दमट हवेत लगेच घामाळते, हातातून सटकते, ती आधी कोरडी पुसायचीच. आणि कागदी लेबल जूनपासून सुटायला लागतं, त्यापेक्षा काचेवरच छापलेलं नाव चांगलं. बिनलेबलची अँप्युल फेकायचीच, विचार करायचा नाही.

घरी जाऊन इंजेक्शन देते तिथे एक आजी आहेत, बी१२ चालू आहे त्यांचं. सुईला घाबरत नाहीत, पण मी पिशवीतून अँप्युल काढली की म्हणतात, "गो बाय, सुयेपेक्षा ह्यां फोडताना बघूचीच माका भीती वाटता." मी म्हणते, "आजी, मगे तुमी भायर बघा." ओपनर आल्यापासून बघतात आता, आवाजच येत नाही फारसा.

सगळ्यात जास्त कुठे कळतं तर साप चावलेला पेशंट आला की. आमच्याकडे कातळावर फुरसं आहे, घोणस आहे, नाग, मण्यार आहेतच. एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, पावडर असते कुपीत, प्रत्येक कुपी १० मिली पाण्यात विरघळवायची, आणि सुरुवातच साधारण १० कुप्यांनी होते. म्हणजे काय, १० मिलीच्या पाण्याच्या दहा अँप्युल एकापाठोपाठ फोडायच्या, त्यात रिअॅक्शन आली तर लागेल म्हणून अॅड्रेनॅलिन आधीच भरून ठेवायचं, ती एक वेगळी. कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो, हळूहळू फिरवत बसायचं, त्यातच वेळ जातो, आणि वर पाणी फोडताना हात कापला की झालं. नातेवाईक दारात उभे, कोणी मांत्रिकाचं नाव घेतोय, आणि सिस्टर बोट धुतेय. १० मिलीची मान जाड, बोटाने फोडताना सगळ्यात जास्त हात त्याच कापतात. इथे ओपनरची मोठी बाजू खरंच कामाला येते, त्यासाठी मी त्याला अर्धा मार्क वाढवून देते, साडेतीन.

पण खरं तर पाण्याला काच कशाला? साधं स्टराइल वॉटर आणि सलाइन प्लास्टिकच्या अँप्युलमध्ये मिळतं, शेंडी पिरगळली की उघडतं, काच नाही काही नाही. आम्ही आता पाणी तेच मागवतो. सगळीच औषधं अशी का देत नाहीत असं मला एका मावशींनी विचारलं, तर प्लास्टिकमधून हवा आणि वाफ थोडी थोडी जाते, अॅड्रेनॅलिनसारखं औषध हवा लागली की खराब होतं, ते काचेतच बरं.

अजून एक, जे बोट कापण्यापेक्षा महत्त्वाचं आहे आणि कोणी बोलत नाही. काच तुटली की तिचे बारीक कण औषधात पडतात, अगदी स्वच्छ तुटली तरी थोडे पडतातच, डोळ्याला दिसत नाहीत. चुरा झाला तर जास्त. म्हणून फोडायच्या आधी मान स्पिरिटच्या स्वॅबने पुसायची, शेंडीत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणायचं, फोडल्यावर क्षणभर थांबायचं, आणि औषध सिरिंजमध्ये ओढायला जाड निडल वापरायची नाही, जाड निडलमधून कण जास्त येतात. ५ मायक्रॉनची फिल्टर निडल मिळते, मोठ्या हॉस्पिटलात वापरतात, आमच्यासारख्या ठिकाणी बघायला पण मिळत नाही. निदान ओढायची निडल वेगळी आणि टोचायची वेगळी, एवढं तरी करा. ओपनर या बाबतीत काही करत नाही, पाकिटावर "१००% सेफ" लिहिलंय ते बोटापुरतं समजा.

तर घ्यायचा असेल तर पारदर्शक मागा, आत रबर असलेला. दुकानात उभ्या उभ्या १ मिलीची एक रिकामी शेंडी त्यात घालून बघा, डुलली तर परत ठेवा. वापरल्यावर धुऊन स्पिरिटने पुसा, आतून काचेचा चुरा निघतो तो बघून दचकू नका. आणि ज्यांच्या हातात दवाखान्याची खरेदी आहे त्यांनी नवीन कंपनीचा माल घ्यायच्या आधी सॅम्पलची एक पट्टी मागवून सिस्टरला फोडायला द्यावी, सरांनी नाही, सिस्टरनेच, ग्लोव्हज घालून. आमच्याकडे सध्या असंच चालतं, मेडिकलवाला थोडा कुरकुरतो पण देतो.