फुटबॉलचा पर्सनल कोच लावायचा की क्लबची बॅचच पुरे?

मैदानाच्या कठड्यावर बसणाऱ्या आईबाबांपैकी एकानं पोराला पर्सनल कोच लावला की आठवडाभरात बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो. "तुम्ही नाही लावला अजून?" असं आम्हालाही ऐकावं लागलं. मग लावला, तीन महिने.

आधी क्लबची बॅच. आमच्या लेकाच्या बॅचला वीस पोट्टे आणि सर एकच. शूटिंगची रांग लागली तेव्हा मी घड्याळ धरून बसलो. एकेकाला वीस सेकंद, म्हणजे पुन्हा नंबर यायला जवळजवळ सात मिनिटं. तासाभरात नऊ शॉट! उरलेला वेळ पुढच्याची बाटली पळवण्यात.

इथे पर्सनल सरळ जिंकतो. त्याच तासात पोराचा पाय शेकडो वेळा बॉलला लागतो. आमचं दुखणं डाव्या पायाचं होतं. डावीकडे पास आला की हा पठ्ठ्या अख्खी गिरकी घेऊन बॉल उजव्या पायावर आणायचा, तोवर समोरचा हजर. डाव्यानं मारलाच तर बॉल आभाळात. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी पकडलं: टेकूचा उजवा पाय बॉलच्या फार मागे पडतो, म्हणून अंग मागे झुकतं आणि बॉल उडतो. पाय बॉलच्या बाजूला टेकवायला लावला. दीड महिन्यात फरक दिसला.

पुढचा दीड महिना मात्र पैसे पाण्यात गेले, असं माझं मत. मैदानावर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून बॉल घेऊन वळणं घेणं झकास जमू लागलं, पण कोन काही अंगावर धावून येत नाहीत. पास कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, बॉल नसताना कुठे पळायचं, हे समोर माणसं असल्याशिवाय येत नाही. चार विरुद्ध चारचा खेळ त्यासाठी उत्तम. नागपूरजवळच्या कामठीतली पोरं यात पुढे का, हे तिथल्या मैदानावर एक संध्याकाळ उभं राहिलं की कळतं. क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी 2001 मध्ये नागपुरात पाहिलेली पोरं तर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत होती. त्यातूनच पुढे स्लम सॉकर ही झोपडपट्टीतल्या पोरांसाठीची फुटबॉल संस्था उभी राहिली.

आमच्याकडे पर्सनलचे दोन तास म्हणजे क्लबची महिन्याची फी. दहाच्या आतल्या मुलासाठी मी एवढे मोजणार नाही. त्याला चार नंबरचा बॉल आणि कंपाऊंडची भिंत द्या (शेजाऱ्यांची परवानगी काढून). अकरा ते चौदाचा असेल, चूक नेमकी ठाऊक असेल आणि क्लबच्या मॅचेस सुरू असतील, तर सहा-आठ आठवडे लावा आणि थांबवा. क्लब सोडून नुसता पर्सनल मात्र कधीच नाही.

एक गोष्ट पैशानं सुटत नाही. वयोगट साधारणपणे 1 जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरात जन्मलेलं पोरगं जानेवारीवाल्यांपुढे अंगानं लहान दिसतं आणि निवडीत मागे पडतं. कोच उंची वाढवून देत नाही. कुणी "स्टेटला सिलेक्शन करून देतो" म्हणालाच, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

कोच निवडताना लायसन्स विचारा. एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, डी लायसन्स ही सुरुवातीची पायरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्यांनी पोराची एखादी मॅच पाहिली का? मॅच न पाहताच तीन महिन्यांचं पॅकेज सांगणाऱ्याला आम्ही दुसऱ्यांदा फोन केला नाही. सेशन मोकळ्या मैदानावर हवं आणि घरचं कुणीतरी तिथे बसलेलं हवं.

आणि मे महिन्याचे आगाऊ पैसे भरू नका. पारा 45 कडे सरकला की सेशन पहाटे सहाला येतं, आणि आमचा हिरो आठाच्या आत डोळे उघडत नाही.