डंपरचे संपलेले टायर पायरोलिसिसला द्यावेत की चुऱ्याला?

इंदूरच्या आसपास खदानींवर डंपर लावणाऱ्या आपल्या मंडळींच्या यार्डात संपलेल्या टायरांचा ढीग असतोच. ३५ टनी डंपरचा १८.००-२५ मापाचा एक टायर साधारण ४०० किलो भरतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचून डास होतात, म्हणून ढीग फार दिवस ठेवू नये.

केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, शाबूत असेल तर आधी रिमोल्डिंगच करा, म्हणजे त्यावर नवं रबर चढवून घ्या. पण दगडाने साइडवॉल (टायरची बाजू) फाटून आतले थर दिसू लागले की तो मार्ग बंद.

पायरोलिसिसवाले भाव बरा देतात. मला तरी किलोमागे त्यांच्याकडेच जास्त मिळाला. हवेशिवाय तापवून ते तेल, काळी भुकटी आणि तार वेगळी करतात. नीट चालवलेले प्लांटही असतीलच. मला खटकली ती कटाई. या टायरची बीड वायर, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेतली पोलादी तार, भलती जाड, आणि अख्खा टायर त्यांच्या भट्टीच्या दारातून जाईना. म्हणून त्यांच्या माणसांनी माझ्याच यार्डात गॅस कटर लावला. तार तापली की भोवतीचं रबर पेट घ्यायचं, काळा धूर शेजारच्या गोदामात शिरायचा. डिझेलची टाकी तिथून लांब नव्हती. मी पाण्याचा पाइप धरून उभा, आणि कापणाऱ्या पोरांच्या तोंडावर साधा रुमाल. जास्तीचे पैसे मला त्या धुराच्या बदल्यात नको वाटले.

टायर दळून रबराचा चुरा करणाऱ्यांनी टायर हायड्रा क्रेनने उचलून अख्खेच नेले. बीड ओढून काढायचं हायड्रॉलिक मशीन त्यांच्याकडे आहे, आग लागतच नाही. भाव कमी, वर गाडीभाडंही आपल्याच माथी, हे मान्य. पण मोठ्या टायरात नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा थोडी घासाघीस चालते. हा चुरा रस्त्याच्या डांबरातही मिसळतात, त्यासाठी आयएस १७०७९ हे भारतीय मानक आहे.

सिमेंटच्या भट्टीतही टायर जाळता येतात, पण तुकडे करून द्यायचे म्हटलं की पुन्हा कटाई आलीच.

जुलै २०२२ च्या नियमांप्रमाणे पुनर्वापर करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. ती दोघांकडेही मागा. तुमच्याकडे मोकळी जागा आणि कापायची योग्य सोय असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघू शकेल. मी पुढचा लॉट चुऱ्यालाच देणार आहे. दोन-तीन यार्डांचा माल एकत्र करून ट्रेलर भरला की भाडंही वाटलं जातं. कोणालाही द्या, भाव ठरवण्याआधी टायर कोण आणि कुठे कापणार, ते लिहून घ्या.