प्रोको रॅट २: एक्स्पोच्या हेडफोनवर ऐकून फुली मारू नका

रॅटचा, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फोडणाऱ्या या डिस्टॉर्शन पेडलचा, रिव्ह्यू म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "याच्यावर अजून काय लिहायचं राहिलंय?" बरोबरच आहे म्हणा, १९७८ पासूनचं डिझाइन आहे, इफेक्टचा नाद असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे कधी ना कधी वाजवलंय नाहीतर विकलंय, काहींनी तर विकून परत घेतलंय. तरी लिहितोय कारण नवीन पोरं हे पेडल भलत्याच जागी ऐकतात, म्हणजे कुठल्यातरी म्युझिक एक्स्पोच्या गर्दीत स्टॉलवर हेडफोन घालून दीड मिनिट, आणि "शी, नुसती किरकिर आहे" म्हणून कायमचं विसरून जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो, पेडल भारी आहे, घ्या. पण दुकानात बसून, खऱ्या अ‍ॅम्पवर, जमलं तर शेजारी एखादा नाक खुपसणारा पेडलवेडा असताना वाजवून मग घ्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. स्कॉट बर्नहॅम आणि स्टीव्ह कायराली या दोघांनी अमेरिकेत मिशिगनमधल्या कालामाझूला प्रोको कंपनीच्या तळघरात हे सर्किट बनवलं, तळघरात उंदीर फार होते म्हणून नाव रॅट असं सांगतात. रॅट २ हे १९८८ चं मॉडेल, त्यात चालू-बंद दाखवणारा एलईडी आला. तीन नॉब, डिस्टॉर्शन, फिल्टर, व्हॉल्यूम. जाड पत्र्याचा काळा डबा, पायाने कितीही जोरात मारा, त्याला काही होत नाही. आता ही तीन नॉब बघून वाटतं यात काय समजून घ्यायचंय, आणि तिथेच सगळे फसतात, कारण मधलं नॉब उलटं आहे.

फिल्टर म्हणजे टोन नाही. बाकीच्या पेडलवर टोन उजवीकडे फिरवला की आवाज उजळ होतो, इथे उजवीकडे फिरवाल तसा आवाज गडद होत जातो. पूर्ण डावीकडे असताना फिल्टर जवळजवळ काहीच कापत नाही, कटऑफ (जिच्या वरचं सगळं कापलं जातं ती फ्रिक्वेन्सी) ३२ किलोहर्ट्झच्या आसपास असतो म्हणजे कानाच्या पल्याड, आणि पूर्ण उजवीकडे नेला की तोच ४७५ हर्ट्झवर येतो, मग गिटार रजई पांघरून वाजवल्यासारखी लागते. एक्स्पोत आधीचा माणूस नॉब कसेही सोडून जातो, पुढचा येतो, आवाज कर्कश वाटतो म्हणून सवयीने तो नॉब डावीकडे फिरवतो, आवाज आणखी कर्कश होतो, हेडफोन काढतो आणि पुढच्या टेबलावर जातो. दुकानात हेच झालं तर कोपऱ्यात तारा बदलत बसलेला कुणीतरी मान वर न करता सांगतो, "अहो फिल्टर उलटा आहे तो, घड्याळातल्या दोनवर ठेवा आणि मग वाजवा." एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं की पेडलबद्दलचं मत बदलतं, आणि तसं सांगणारं कुणी स्टॉलवर असेलच असं नाही, कारण तिथला माणूस एकाच वेळी चार जणांना उत्तरं देत असतो.

पण नुसत्या नॉबचा प्रश्न नाहीये, हेडफोनचा खरा घोळ वेगळा आहे. रॅटमध्ये ऑप-अ‍ॅम्प नावाची चिप आधी सिग्नल प्रचंड मोठा करते, कागदावर साधारण २,३०० पट म्हणजे ६७ डेसिबलपर्यंत, आणि मग दोन सिलिकॉन डायोड त्याचं डोकं ०.६-०.७ व्होल्टला सपाट कापतात. डायोड सिग्नलवरून थेट ग्राउंडला लावलेत, ट्यूब स्क्रीमर या दुसऱ्या प्रसिद्ध पेडलसारखे ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये नाहीत, म्हणून काप धारदार पडतो. धारदार काप म्हणजे वरच्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उंच सुरांचा, पाऊस. गिटार अ‍ॅम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली पडतो, त्यामुळे तो पाऊस आपोआप गाळला जातो आणि उरतो तो आपल्याला आवडणारा जाडसर, खरखरीत आवाज. हेडफोन मात्र १५ किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने ऐकवतात. स्टॉलवर कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) नीट लावलेलं असेल तर ठीक, नसेल तर जे ऐकू येतं ते रॅट नाहीच, अर्धवट रॅट आहे. त्यात आवाज कमी ठेवलेला असतो, आणि कमी आवाजात आपल्या कानाला बास कमी लागतो, म्हणजे किरकिर आणखी पुढे येते.

स्टॉलवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना दुसरा पर्यायच नसतो. अ‍ॅनाहाइमला वाद्यं आणि संगीताच्या सामानाचा नॅम शो भरतो, बहुतेक वर्षी जानेवारीत, तिथे हॉलमध्ये आवाजावर मर्यादा असते आणि ती मोडली तर सांगायला माणसं येतात, शेकडो कंपन्या एका छताखाली अ‍ॅम्प पूर्ण उघडून बसल्या तर कुणालाच काही ऐकू येणार नाही हे उघड आहे. शिवाय तो मुळात धंद्याचा मेळा आहे, दुकानदार आणि वितरक यांच्यासाठी, हौशी माणूस तिथे कुणाच्या तरी ओळखीने घुसतो. आपल्यासारख्यांसाठी खरी मजा असते ती पेडलच्या छोट्या प्रदर्शनांची, जिथे लांब टेबलावर पेडलचे बोर्ड मांडलेले असतात, आपण गिटार आणि हेडफोन लावायचे, पाय कुणी वापरत नाही, सगळे हाताने स्विच दाबतात.

तिथे जायचं ते ऐकायला नाही, माणसांशी बोलायला. टेबलामागे उभा असलेला बऱ्याचदा स्वतःच सोल्डरिंग करणारा असतो. त्याला विचारा, डायोड हेच का, तर तो खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून मागचं झाकण उघडून दाखवतो आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही दोघं एका सर्किट बोर्डावर डोकं टेकवून उभे, मागे रांग लागलेली. आणि रॅटचं कूळ तर जवळपास प्रत्येक टेबलावर सापडतं, कुणी डायोड जर्मेनियमचे लावलेत, कुणी एलईडी लावलेत (प्रोकोनेच टर्बो रॅटमध्ये ते केलंय, एलईडी सिग्नल उशिरा कापायला लागतात म्हणून आवाज मोठा आणि मोकळा येतो), कुणी डायोड काढूनच टाकण्याचा स्विच दिलाय. जेएचएस कंपनीच्या पॅकरॅट पेडलमध्ये तर एकाच डब्यात नऊ प्रकारचे रॅट भरलेत. एवढं सगळं एका दुपारी शेजारी शेजारी बघायला मिळणं दुकानात शक्य नाही, हे मान्यच. म्हणजे काय बदललं की काय होतं हे प्रदर्शनात समजून घ्यायचं आणि आपल्याला काय आवडतं ते दुकानात ठरवायचं, माझ्या डोक्यात तरी ही वाटणी पक्की आहे.

आता तो चिपचा वाद. दोन रॅटवाले भेटले आणि एलएम३०८ चा विषय निघाला नाही असं होत नाही. मूळ रॅटमध्ये एलएम३०८ नावाचा ऑप-अ‍ॅम्प होता, जुना आणि जाम मंद, त्याचा स्लू रेट ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे सिग्नल किती वेगाने वर-खाली जाऊ शकतो त्याची मर्यादा. टीएल०७१ सारख्या नेहमीच्या चिपचा तोच आकडा १३ च्या आसपास. त्यामुळे गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वाढवला की एलएम३०८ ला धावपळ जमत नाही, वरच्या टोकाला तो मागे पडतो, लहरींच्या कडा झिजतात आणि आवाज गोलसर, थोडा चिखलात रुतल्यासारखा होतो, जो रॅटचा खास गुण आहे. म्हणजे चिपचा नालायकपणा हेच त्याचं भांडवल. ती चिप बनणं बंद झालं आणि रॅट २ मध्ये ओपी०७ आली, तेव्हापासून "जुन्यात जी मजा होती ती नव्यात नाही" हे पुराण सुरू आहे.

गंमत अशी की ओपी०७ चा स्लू रेटही ०.३ च आहे. यावर जुन्यावाल्यांचं उत्तर तयार असतं, आकड्यात सगळं नसतं, कानाने ऐका. मग ऐकूया की. मागे एका दुकानात दोन रॅट शेजारी शेजारी लावले होते, एक जुना एलएम३०८ चा, एक आत्ताचा, मध्ये स्विचर, एकच गिटार, एकच अ‍ॅम्प, दोन्हीचा आवाज कानाने सारखा करून घेतला आणि ऐकणारे भिंतीकडे तोंड करून उभे. सगळ्यात छातीठोकपणे बोलणाऱ्याने नव्याला जुना म्हटलं, आणि उत्तर कळल्यावर त्याचं म्हणणं पडलं की केबल खराब होती. दुकानदार हसून म्हणाला, "आता केबलची पण टेस्ट घ्यायची का?" फरक अजिबात नव्हता असं नाही, जुन्यात गेन पूर्ण वर असताना खालच्या तारेवर किंचित जास्त मऊपणा होता, पण गिटारचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) बदलला की आवाज त्याहून कितीतरी जास्त बदलत होता. त्याच टेबलावर कुणीतरी काळ्या फोममध्ये टोचून ठेवलेल्या चिपा काढल्या आणि सॉकेट लावलेल्या एका रॅटमध्ये टीएल०७१ बसवली, तो फरक मात्र सगळ्यांना लगेच कळला, आवाज कडक आणि चुरचुरीत. तेव्हा माझा सल्ला, जुन्या चिपसाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर हौस म्हणून खुशाल मोजा, आवाजासाठी गरज नाही.

वाजवायला कसं आहे? डिस्टॉर्शन नऊ वाजता ठेवा (घड्याळातले नऊ), फिल्टर एक-दोनवर, व्हॉल्यूम अ‍ॅम्पच्या साध्या आवाजापेक्षा थोडा वर, तर हे चक्क ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हलकं फुटणारं पेडल, आहे, थोडं रांगडं. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की बऱ्यापैकी साफ होतं. बारा वाजता जुनं रॉकवालं डिस्टॉर्शन, तीनच्या पुढे गेलात की फझच्या, म्हणजे पार फुटलेल्या आवाजाच्या, प्रदेशात शिरता, नोट लांबते, कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात. जेफ बेक, ब्लरचा ग्रॅहम कॉक्सन आणि जॅझवाला जॉन स्कोफील्ड, या तिघांचं आवाजात काही म्हणजे काही जुळत नाही आणि तिघांनीही रॅट वापरलाय, यावरून पल्ल्याचा अंदाज घ्या. लोक हे फक्त घाण आवाजाचं पेडल समजतात पण मला विचाराल तर याचा सगळ्यात छान भाग डिस्टॉर्शन नॉबच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात आहे, जिथे बहुतेक जण जातच नाहीत.

तक्रारी आहेत. गेन वर गेला की सळसळ होते, गिटारचे पिकअप सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) असतील तर गुणगुण पण जोरात येते, दोन रिफच्या मधल्या शांततेत ती डोक्यात जाते. एकाच अडॉप्टरवर माळ लावून सगळी पेडल चालवत असाल आणि त्यात डिजिटल डिले असेल तर त्याची शिट्टी पण रॅट मोठी करून ऐकवेल, त्याला पॉवर सप्लायचं वेगळं, बाकीच्यांपासून तोडलेलं (आयसोलेटेड) आउटपुट द्या. डबा मोठा आहे, हल्लीच्या छोट्या पेडलांच्या मानाने बोर्डावर बरीच जागा खातो. आणि घट्ट, कापून काढल्यासारखा आधुनिक मेटलचा आवाज हवा असेल तर हे तुमचं पेडल नाही, खालची बाजू सैल पडते.

दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा, भिंतीवरची चकचकीत गिटार उचलून पेडल ठरवू नका, तिच्या तारा कधीच्या आहेत कुणास ठाऊक. अ‍ॅम्प तुमच्या घरच्या अ‍ॅम्पच्या जवळपासचा मागा, आधी साफ चॅनलवर, मग किंचित फुटत असलेल्या चॅनलवर, कारण दुसऱ्यात रॅट एकदम मवाळ होतो. आणि कृपा करून तासभर दुकानदाराचा वेळ घेऊन, त्याच्या अ‍ॅम्पवर सगळे नॉब फिरवून, मग तेच पेडल फोनवरून मागवू नका. त्या दुकानात शनिवारी जमणारी टोळी, जुन्या पेडलांची अदलाबदल, "हा दोन आठवडे घेऊन जा, आवडला तर बघू" हे सगळं दुकान चालतंय तोवरच. निदान तारा, गिटारची पिक, केबल तरी तिथून घ्या.

जुना रॅट २ अशा अदलाबदलीत मिळत असेल तर आवाजाआधी मागचा पॉवरचा जॅक बघा. जुन्या पीसला ३.५ मिलिमीटरचा, हेडफोनसारखा जॅक असतो, बोर्डावरची नेहमीची वायर त्यात बसत नाही, कन्व्हर्टर लागतो, आणि विकणाऱ्याकडे तो असेल तर त्याच वेळी मागून घ्या.