साठ कार्डं, बुटाची नाडी आणि घोडबंदरचा टँकर

रिंग तुटली, म्हणून लिहायला बसलोय. नववीतल्या लेकीसाठी जूनमध्ये ठाणे स्टेशनजवळून इंग्रजी उपसर्गांच्या फ्लॅशकार्डचा संच घेतला होता. ६० कार्डं, ४२० रुपये, म्हणजे कार्डामागे ७ रुपये. सात महिन्यांत रिंग गेली. कस्टमर केअरचं उत्तर: "सर, रिंग वॉरंटीत येत नाही." आता सगळी कार्डं बुटाच्या नाडीत ओवलीत.

पण रिंगचं सोडा. 'इन', 'इम', 'इल', 'इर' अशी चार कार्डं, आणि चौघांच्या मागे अर्थ एकच: 'नाही'. अहो, हा एकच उपसर्ग आहे! पुढे पी, बी किंवा एम आला की इम, एल आला की इल, आर आला की इर. 'सोबत'वाल्या कॉन, कॉम, कॉल, कॉर, को यांचीही पाच कार्डं. म्हणजे नऊ कार्डांत उपसर्ग दोन, सात कार्डं भरतीची. ४९ रुपये! हा हिशेब मी बायकोला ऐकवला, ऑफिसात ऐकवला, रिक्षावाल्यालाही ऐकवला.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र थोडं नमतं घ्यावं लागलं. लेक 'इल्लीगल'ला एकच एल लिहायची. दोन कार्डं शेजारी ठेवून दाखवलं: एक एल उपसर्गाचा, एक 'लीगल'चा, जोडताना कुणालाच गाळायचं नाही. 'इर्रेग्युलर'ला दोन आर, 'इम्मॅच्युअर'ला दोन एम, तेही असेच. ती म्हणाली, "बाबा, हा तर उल्लेख! उत् अधिक लेख, पुढे ल आला म्हणून त् चा ल् झाला." व्यंजनसंधी! बावीस वर्षं नोकरीत 'इर्रेग्युलर' लिहिताना माझा हात अडखळत आलाय, आणि उत्तर मराठीच्या वहीत होतं. 'अन' मात्र पुढे कोणीही येवो, बदलत नाही: अनरीअल, अनलाइक. तो इंग्रजीच्या घरचा, इन लॅटिनकडून आलेला पाहुणा. आपल्या 'अनिच्छे'तला अन् या दोघांचाही चुलतभाऊ. हे कार्डांवर नाही, मीच शोधलं.

तर ४९ रुपये माफ केले होते. मग घोडबंदर रोडवर गायमुखजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे पेट्रोलचा टँकर, पाठीवर 'हायली इन्फ्लॅमेबल'. लेकीने कार्डाप्रमाणे अर्थ लावला: "अजिबात न पेटणारा." या शब्दातला इन नकाराचा नाहीच, तो लॅटिनमधला 'आत' अर्थाचा, 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे यातला. फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल, दोन्ही ज्वालाग्राहीच. पोरं नेमकी जिथे फसणार तिथेच कार्ड गप्प. जागा नव्हती म्हणावं, तर अर्धी बाजू चष्मा घातलेल्या घुबडाने अडवलीय! मी स्केचपेनने ती ओळ लिहितो, लॅमिनेशनवरून ती आठवड्यात पुसली जाते.

परवा दुकानात नवी आवृत्ती दिसली, ४८० रुपये. आधी इनचं कार्ड काढून बघितलं. अर्थ तोच, 'नाही'. घुबड मात्र आता रंगीत आहे.