कलोनियल विल्यम्सबर्गला दोन मुलं, आई-बाबा आणि जुलैचं ऊन

आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आणि मग बाबांनी सांगूनच टाकलं की आता परत उंच बिल्डिंगाच दाखवणार असशील तर मी घरी पेपर वाचत बसतो. म्हणून जुलैच्या लाँग वीकेंडला न्यू जर्सीहून सहा-सात तास गाडी मारत व्हर्जिनियाला कलोनियल विल्यम्सबर्गला गेलो. दोन मुक्काम, थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सहाची. व्हॉट्सॅपवर बऱ्याच जणी विचारतायत की मुलांना आवडतं का, तर एकदाच नीट लिहिते.

काचेमागे तलवारी आणि खाली पाटी, असलं म्युझियम हे नाही. अख्खं गाव आहे. 1699 ते 1780 इथे व्हर्जिनियाची राजधानी होती, मग ती रिचमंडला हलली आणि गाव मागे पडलं. 1926 मध्ये इथल्या चर्चचे पाद्री गुडविन यांनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना पटवलं आणि त्यांच्या पैशातून घरं दुरुस्त करायला सुरुवात झाली. साधारण तीनशे एकर जागा, 88 इमारती मूळच्या, बाकीच्या जुन्या पायावर परत उभ्या केलेल्या. गव्हर्नरचा पॅलेस 1781 मध्ये जळाला, आत्ता दिसतो तो 1934 मध्ये खुला झालेला. बाबा लगेच, "म्हणजे शनिवारवाडा परत बांधल्यासारखं." ते बरं की वाईट यावर हॉटेलवर तासभर वाद झाला, मी बाबांच्या विरुद्ध पार्टीत होते.

काळ दाखवतात तो साधारण 1770 नंतरचा, स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीची धुसफूस. आपल्याकडे बारभाई चालू होते तेव्हा. मुलांना असं सांगितलं की तारीख डोक्यात बसते. अर्थात आधी बारभाई म्हणजे काय ते सांगावं लागलं, तो वेगळा विषय.

पहिल्या सकाळी आम्ही मोठा घोळ केला. आपली सवय काय, दारातून डोकावायचं, फोटो, पुढे. दीड तासात नऊ-दहा दुकानं उरकली आणि थोरल्याचं सुरू झालं, बोअर, हॉटेलला पूल आहे ना. चूक त्याची नव्हती. इथली माणसं शो करत नाहीत, खरंच काम करत असतात. लोहार खिळे, बिजागऱ्या बनवतो त्या गावातल्या घरांना लागतात म्हणून. एकेक जण सहा-सात वर्षं उमेदवारी करून तयार झालेला असतो. तुम्ही गप्प उभे राहिलात तर तो मान वर करून हसतो आणि परत घण मारायला लागतो. विचारलं की मात्र बोलायचा थांबत नाही.

हे आम्हाला कळलं ते बाबांमुळे. चाकं करणाऱ्याच्या शेडमध्ये शिरलो आणि बाबा तिथेच थबकले. आजोबांकडे बैलगाडी होती त्यामुळे तुंबा (चाकाचा मधला गड्डा), आरे, धाव (बाहेरची लोखंडी पट्टी) सगळं त्यांना तोंडपाठ, पण इंग्रजीत कसं विचारणार? मग थोरल्याला पुढे केलं, "विचार त्याला, लाकूड कुठलं वापरतो." झालं, पुढचा पाऊण तास आम्ही तिथेच. तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक, बाहेरच्या गोलाला ॲश. बाबा म्हणाले आमच्याकडे बाभूळ, ते कसं ट्रान्सलेट करायचं यावर पोरगा अडला, शेवटी "काट्यांचं झाड" म्हणून सांगितलं. लोखंडी धाव लालभडक तापवून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं म्हणजे ती आकसून घट्ट बसते, हे दोघांनी एकाच वेळी हातवारे करून सांगितलं, एकाने मराठीत, एकाने इंग्रजीत. तिथून पुढे थोरला स्वतः प्रत्येक दुकानात शिरायला लागला. पूलचं नाव नाही.

शिंप्याकडे आईने एक सैलसर लांब झग्यासारखा अंगरखा बघितला आणि हे काय म्हणून विचारायला लावलं. उत्तर आलं, बॅनियन! घरात आरामात बसायला श्रीमंत पुरुष घालायचे तो. शब्द आपल्या गुजराती वाण्यांवरून गेलाय. बाबांच्या बनियनवरून दोन दिवस विनोद चालले. टोप्या-झगे विकणाऱ्या बायकांच्या दुकानात तर हिंदुस्थानी छींट आणि मलमल. कॅलिको हे नावच कालिकतवरून आलंय. आणि तेव्हा बोस्टनला चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या तो सगळा राडा ईस्ट इंडिया कंपनीच्या चहावरून, त्यामुळे "यात आपला काय संबंध" असं म्हणायला पोरांना जागाच राहत नाही.

धाकटीसाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे वीटभट्टी. उन्हाळ्यात मुलांना अनवाणी चिखल तुडवू देतात. खड्ड्यात माती, पाणी, आणि पोरं आत. आजी काठावरून "अगं फ्रॉक वर धर" ओरडतेय आणि ही मांड्यांपर्यंत बरबटलेली. तो चिखल साच्यात घालून विटा पाडतात, वाळवतात आणि शरद ऋतूत लाकडाची भट्टी लावून भाजतात. एक जुना टॉवेल आणि जास्तीचे कपडे पिशवीत असू द्या. आमच्याकडे टॉवेल नव्हता, गाडीच्या मॅट अजून तशाच आहेत.

आता जरा अवघड भाग. पॅलेसच्या स्वयंपाकघरात जेवण शिजताना दाखवतात, तिथे धाकटीने विचारलं की गव्हर्नरची मम्मी करायची का हे सगळं. तिथल्या माणसाने खाली बसून तिला सरळ सांगितलं, नाही, ज्यांना पगार नव्हता आणि सोडून जायची परवानगी नव्हती अशी माणसं करायची. त्या वेळी गावातली निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती, बहुतेक सगळे गुलाम. ब्रे स्कूलची इमारतही आहे, 1760 ते 1774 काळ्या मुलांसाठी चालवलेली शाळा. ते घर इतकी वर्षं जवळच्याच कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच रूपात उभं होतं, 2020 मध्ये लाकडाचं वय तपासून ओळख पटली आणि 2023 मध्ये अख्खं उचलून इथे आणलं. शिकवायचे वाचन, पण त्यासोबत धर्म आणि मालकाचं ऐका हेही. थोरला बराच वेळ गप्प होता. मला वाटतं दहाच्या पुढच्या मुलांना हे जरूर दाखवावं, लहानग्यांना आपल्या हिशोबाने. टाळू मात्र नका, नाहीतर मग नुसती घोडागाडी आणि विगच राहतात.

विगवरून आठवलं, घोड्याचे, बकरीचे, याकचे आणि माणसाचे केस वापरतात, पोरांना किळस आणि मजा दोन्ही. औषधवाल्याकडे जळवा. तुरुंगात ब्लॅकबिअर्डच्या टोळीतले चाचे डांबले होते, तिथे पायातल्या बेड्या बघून धाकटी माझा हात सोडेना. संध्याकाळी बासरी-ढोलवाली पोरं रस्त्यावरून वाजवत जातात, ते चुकवू नका, आपल्या ढोलपथकाची सर नाही पण शिस्त जबरदस्त.

प्रॅक्टिकल गोष्टी. रस्त्यावर फिरायला तिकीट लागत नाही, इमारतींच्या आत जायला लागतं. त्यामुळे आईसारख्या "मला बाकावर बसू दे" वाल्यांचं तिकीट घ्यायच्या आधी विचार करा, आम्ही घेतलं आणि ती अर्धा वेळ झाडाखालीच होती (आनंदात होती, मेंढ्या बघत). मुख्य रस्ता साधारण एक मैल, दिवसा गाड्या नाहीत, त्यामुळे मुलं मोकळी सोडता येतात. पण ऊन आणि दमटपणा कोकणातल्या मे महिन्यासारखा, परत जायचं तर मी एप्रिल नाहीतर ऑक्टोबर धरेन. सकाळी लवकर, दुपारी हॉटेलवर झोप, परत पाचला, हा आमचा दुसऱ्या दिवसाचा प्लॅन जमला. दशम्या, चटणी आणि चिवडा घरूनच नेलेला.

तिसऱ्या दिवशी जेम्सटाऊन सेटलमेंट. 1607 मध्ये इंग्रज वसाहतवाले ज्यातून इथे आले त्या तीन जहाजांच्या प्रतिकृती पाण्यात उभ्या आहेत, वर चढता येतं. एवढ्याशा लाकडी होडीतून अटलांटिक, हे डेकवर उभं राहिल्याशिवाय कळतच नाही. लहान मुलांसाठी मला तर हे विल्यम्सबर्गपेक्षाही सोपं वाटलं, छोटं आहे, सगळ्याला हात लावता येतो.

आणि परतताना यॉर्कटाऊन, कारण बाबांनी नकाशात नाव वाचलं. 19 ऑक्टोबर 1781 ला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली ती इथे. हाच पुढे 1786 मध्ये हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्धच्या लढाईत त्याच्या बाजूने आपले मराठे होते, त्यातले परशुरामभाऊ पटवर्धन तर आमच्या सांगलीकडचे, तासगावचे. थोरला म्हणाला, "म्हणजे इथे हरला आणि तिकडे प्रमोशन?" बाबा म्हणाले, "साहेबांचं तसंच असतं, आमच्या खात्यात पण."

धाकटीने निघताना वीटभट्टीवाल्याला विचारून ठेवलंय की तिने तुडवलेल्या मातीच्या विटा कधी भाजणार. तो शरद ऋतूत म्हणाला. आता रोज विचारते ऑक्टोबर कधी येणार, आणि आई-बाबांचं परतीचं तिकीट आहे सप्टेंबरचं.