रीपरवर ड्रम आणि घुमट प्रोग्रॅमिंग: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

रीपर हे कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर घेऊन आता बरेच महिने झाले. हा अख्ख्या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू नाही, मिक्सिंग आणि व्होकल एडिटिंगवर लिहिणारे भरपूर आहेत. मी लिहितोय फक्त ठेक्यावर, म्हणजे ड्रम्सचा ग्रूव्ह स्क्रीनवर कसा दिसतो, कसा लिहिता येतो आणि लिहिलेला ठेका कानाला वाजवल्यासारखा लागतो की नाही. गोव्यात फोंड्याला घरातच छोटा सेटअप आहे, कामं म्हणजे भजनांचे ट्रॅक, शाळांच्या गॅदरिंगची नाचाची गाणी, मधूनच एखाद्या नाट्यगीताचं नवं अरेंजमेंट आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आरत्यांचं रेकॉर्डिंग. आणि आमच्याकडे चवथीला घराघरात घुमट हे मातीचं तालवाद्य वाजतं त्यामुळे ऐकणाऱ्याचा कान लयीला पक्का असतो, मेलेला ठेका लोक पहिल्या कडव्यातच ओळखतात.

मिडी एडिटर, म्हणजे सूर आणि टोले नोट्स म्हणून लिहायची खिडकी, उघडली की आधी डावीकडे पियानोच्या पट्ट्या दिसतात. ठेका लिहिणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, सी कुठे नि एफ शार्प कुठे याचा हिशोब करत कोण बसणार. व्ह्यूमध्ये जाऊन 'नेम्ड नोट्स' लावा. मग प्रत्येक ओळीला आपल्याला हवं ते नाव देता येतं. जनरल मिडीच्या नकाशात, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला आवाज या सर्वमान्य यादीत, 36 किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), 37 साइड स्टिक, 38 स्नेअर, 42 बंद हॅट (हॅट म्हणजे झांजांची जोडी), 44 पायाचा हॅट, 46 उघडा हॅट, 49 क्रॅश, 51 राइड असं आहे आणि बहुतेक ड्रम प्लगइन्स (आवाज देणारी जोड-सॉफ्टवेअरं) हेच किंवा याच्या जवळचं धरून चालतात. नावं एकदा टाकली की फाइल म्हणून सेव्ह होतात, पुढच्या प्रोजेक्टमध्ये नुसती लोड करायची. त्यानंतर न वापरलेल्या आणि बिननावाच्या ओळी लपवायचा पर्याय आहे, तो लावला की 128 ओळींच्या जागी आपल्या कामाच्या आठ-दहाच उरतात आणि अख्खा ड्रम किट एका नजरेत येतो. नोट्सचा आकारही बदलतो, लांब पट्टीऐवजी डायमंड. ड्रमच्या टोल्याला लांबी नसतेच, तो कुठे पडला एवढंच बघायचं असतं, आणि पट्ट्या काढून टाकल्या की तेवढंच दिसतं. माझ्या मते या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाकाव्यात, बाकी सगळं नंतर.

आता मुख्य मुद्दा. ठेका दोन गोष्टींवर जिवंत होतो, टोल्याचा जोर आणि टोल्याची जागा, आणि या दोन्ही इथे डोळ्यांना दिसतात म्हणून मी हे सॉफ्टवेअर धरून ठेवलंय.

जोराचं आधी सांगतो. साधं उदाहरण घ्या, 4/4 मध्ये सोळा घरं, किक 1, 8 आणि 11 वर, स्नेअर 5 आणि 13 वर, हॅट सोळाही घरांत. सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी, म्हणजे टोल्याच्या जोराचा आकडा, 100 ठेवून वाजवा, यंत्र वाजतंय हे लहान मुलालाही कळेल. आता हॅटमध्ये प्रत्येक चारातला पहिला 95, तिसरा 75, आणि उरलेले दोन 40 ते 50 करा. स्नेअरचे मोठे टोले 110 ला न्या आणि 10 नि 15 व्या घरात 25-30 चे अगदी हलके टोले टाका, ज्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. एकही मोठा टोला जागचा हलवलेला नाही तरी ठेका चालायला लागतो. एडिटरच्या खालच्या भागात व्हेलॉसिटीच्या उभ्या रेघा दिसतात, शिवाय नोट्सना जोराप्रमाणे रंग देता येतो, त्यामुळे कुठे सपाट झालंय ते ऐकायच्या आधीच समजतं. तबला शिकलेल्याला हे नवीन नाही म्हणा. केरव्यात धा गे ना ती ना क धि ना म्हणताना 'धा' नि 'क' सारख्या वजनाने कोणी म्हणत नाही, वजन बोलातच असतं. कॉम्प्युटरला ते आपण सांगावं लागतं.

जागेचं प्रकरण जास्त बारीक आहे. रीपरमध्ये एका मात्रेचे मुळात 960 टिक्स, म्हणजे बारीक तुकडे, असतात. 96 बीपीएमला (मिनिटाला 96 मात्रा) एक मात्रा 625 मिलिसेकंदांची, म्हणजे एक टिक साधारण 0.65 मिलिसेकंद. स्नॅप (नोट रेघेला आपोआप चिकटवणारी सोय) बंद करून सगळे मोठे स्नेअर एकदम सिलेक्ट करून 12-15 टिक्स उजवीकडे सरकवले तर ते 8-10 मिलिसेकंद उशिरा पडतात, कानाला उशीर असा वेगळा कळत नाही पण गाणं ऐसपैस बसल्यासारखं वाटतं. तेवढेच डावीकडे नेले की पळापळ. हे सगळ्यांनी स्वतः करून बघावं, कारण एकदा स्क्रीनवर झूम करून ते अंतर बघितलं आणि लगेच ऐकलं की पुढे कुठलंही रेकॉर्डिंग ऐकताना 'हा ड्रमर मागे बसतोय' हे आपोआप कळायला लागतं, निदान माझ्या कानाचं तसंच झालंय.

यावरून ह्युमनाइझबद्दल माझं ठाम मत आहे. त्यात टायमिंग आणि व्हेलॉसिटी थोडी विस्कटून द्यायची सोय असते आणि बरेच जण शेवटी तेच मारून मोकळे होतात. पण तो विस्कटपणा कसाही, कुठेही पडतो. वाजवणाऱ्या माणसाचं मागेपुढे होणं त्याच्या सवयीचं असतं, दर आवर्तनात त्याच जागी तो किंचित खेचतो, तिथेच तर त्याचा हात ओळखू येतो. म्हणून मी ह्युमनाइझ शेकरच्या व्हेलॉसिटीला थोडंसं लावतो, टायमिंगला अजिबात नाही. क्वांटाइझचंही, म्हणजे टोले ग्रिडच्या रेघांवर ओढून आणायच्या सोयीचंही, तसंच, ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) यूएसबीने जोडून वाजवलेला ठेका पूर्ण शंभर टक्के ग्रिडला चिकटवला तर वाजवण्याचा काय फायदा, त्या खिडकीत स्ट्रेंग्थ आहे ती 50-60 ठेवली की घसरलेले टोले जागेजवळ येतात आणि हात तसाच राहतो.

स्विंगबद्दल, म्हणजे दर दुसरा टोला थोडा उशिरा पाडण्याबद्दल, एक सांगायलाच हवं कारण यात नवीन मुलं गोंधळतात. रॉजर लिनने 1980 च्या एलएम-1 या ड्रम मशीनमध्ये क्वांटाइझ आणि स्विंग आणलं, पुढे 1988 च्या एमपीसी60 या यंत्रात तेच तत्त्व आलं आणि तिथला आकडा 50 ते 75 टक्के असा चालतो, 50 म्हणजे सरळ, 66 च्या आसपास तिस्र जातीची (एका मात्रेचे तीन भाग) चाल. लोक व्हिडिओत '58 ठेवा' म्हणतात ते या मापाने. रीपरच्या ग्रिडमध्ये शून्य म्हणजे सरळ आणि दोन्ही बाजूंना शंभरपर्यंत जाता येतं, म्हणजे माप वेगळं, 58 चा आकडा उचलून इथे टाकला तर भलतंच वाजेल. कानाने लावा.

आता घुमट, ज्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसलो. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी तोंडाला घोरपडीचं कातडं असायचं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद होऊन आता बकऱ्याचं लावतात. मातीचं भांडं, मोठं तोंड मढवलेलं, मागचं लहान तोंड उघडं, त्यावर डाव्या हाताचा तळवा दाबला-सोडला की आतली हवा बदलते आणि घुमारा वरखाली होतो. हा आवाज तयार सॅम्पल पॅकमध्ये (रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचात) मला हवा तसा मिळाला नाही, म्हणून ओळखीच्या एका वादकाकडून सुटे टोले रेकॉर्ड करून घेतले. रीपरसोबत येणारा रीसॅम्पलोमॅटिक5000 हा सॅम्पलर आहे, एका टोल्याला एक, असे एकाच ट्रॅकवर रांगेने लावले. ओळींची नावं 'घुमट उघडं', 'घुमट दाबून', 'काठ', 'बोटं', मग 'शामेळ डावी', 'शामेळ उजवी' (शामेळ हे काड्यांनी वाजवायचं वाद्य), शेवटी कासाळें, म्हणजे मोठ्या झांजा. नावं मराठीत दिसायला लागली तेव्हा वादक स्वतः शेजारी बसून 'इथे काठ नको, बोटं घाल' असं स्क्रीनकडे बोट दाखवून सांगायला लागला, त्याला कॉम्प्युटरचं काहीही येत नसताना. याहून मोठं सर्टिफिकेट त्या व्ह्यूला मी देऊ शकत नाही.

कासाळ्यासाठी सॅम्पलरमध्ये 'ओबे नोट-ऑफ्स' लावलं की नोट संपते तिथे आवाज तुटतो, त्यामुळे हाताने दाबून थांबवलेला झणत्कार नीट लिहिता येतो. फक्त तेवढ्यापुरतं डायमंड सोडून परत पट्ट्यांवर यावं लागतं कारण इथे लांबी महत्त्वाची.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते खऱ्या आरतीवरून. एका मंडळाची परवानगी घेऊन त्यांची आरती रेकॉर्ड केली. आरतीची लय चढत जाते, ते तिचं अंगच आहे, त्यामुळे एकच बीपीएम धरला तर दुसऱ्या कडव्यापासून ग्रिड आणि वाजवणं यांची फारकत होते. इथे रीपर फार उपयोगी पडला. टॅब दाबला की कर्सर पुढच्या टोल्यावर उडी मारतो, समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) टोल्यापासून पुढच्या समेपर्यंत भाग सिलेक्ट करायचा आणि त्या सिलेक्शनचं एक माप करायची कमांड द्यायची. असं आवर्तनामागून आवर्तन करत गेलं की माणसांनी ग्रिडच्या मागे धावण्याऐवजी ग्रिड माणसांच्या मागून चालतं. वेळ लागतो, अख्खी संध्याकाळ जाते, पण नंतर जे दिसतं ते बघण्यासारखं आहे. त्या रेकॉर्डिंगमध्ये कासाळें समेला अगदी रेघेवर, घुमटाचा मोठा टोला रेघेच्या किंचित मागे, आणि शामेळच्या काड्यांचं बारीक काम आवर्तन संपता संपता दर वेळी थोडं पुढे सरकलेलं. लय चढवणारं वाद्य कुठलं ते ऐकून मला अंदाज होता, पण ती ढकल नेमकी कुठल्या मात्रेपासून सुरू होते हे डोळ्यांनी बघितल्यावरच कळलं.

मग एसडब्ल्यूएस हे मोफत एक्स्टेन्शन टाकलं, त्यात ग्रूव्ह टूल आहे. वाजवलेल्या भागातून टायमिंग उचलायचं आणि दुसऱ्या नोट्सना लावायचं, किती लावायचं तेही ठरवता येतं. शामेळचं टायमिंग हॅटना पूर्ण लावलं तर हॅट अडखळतो, निम्म्याच्या आसपास लावलं की ड्रम किट आणि घुमट एकाच अंगणात बसल्यासारखे वाजतात. फ्यूजन म्हणून जे ट्रॅक होतात त्यात वर घुमट आणि खाली कडक ग्रिडवरचा लूप असं असतं आणि दोघांचं पटत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, आवाजाचं मिक्सिंग कितीही करा.

आता काय नाही ते. ड्रमचे आवाज सोबत येत नाहीत. सिताला हा सोळा पॅडचा सॅम्पलर आणि एमटी पॉवर ड्रमकिट 2 हे दोन्ही फुकट आहेत, माझं त्यांवर भागलं. 1980 च्या टीआर-808 सारखी सोळा बटणांची रांग इथे समोर येत नाही, ती सवय असेल आणि काम मुख्यतः डान्स ट्रॅकचं असेल तर एफएल स्टुडिओ बघा, तिथे पाच मिनिटांत बीट उभी राहते. स्टेजवर लाइव्ह लूप चालवणाऱ्याने एबलटन लाइव्ह बघावं, वेगवेगळ्या लांबीच्या क्लिप एकत्र फिरवणं तिथे सोपं. पण ज्याला रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा लिहायच्यात, किंवा वाजवलेलं उचलून त्यावर काम करायचंय, त्याला रीपर जास्त मोकळा आहे. मेनू मात्र लांबलचक आहेत आणि दिसायला रूक्ष, पहिले काही आठवडे शोधाशोध होणारच.

पैशांचं म्हणाल तर 60 दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, नंतर घरगुती किंवा छोट्या धंद्यासाठी लायसन्स 60 डॉलर, मोठ्या कमर्शियल कामासाठी 225. माझा लॅपटॉप जुना आहे तरी कुरकुर नाही. ऑक्टोपॅड वाजवताना बफर (आवाज बाहेर यायच्या आधीचा थांबा) 128 सॅम्पल्स ठेवतो, 48 किलोहर्ट्झला ते जेमतेम 2.7 मिलिसेकंद होतात, इंटरफेसचा वेळ धरूनही हाताला जाणवत नाही. पावसात वीज जाते-येते, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये दर काही मिनिटांनी वेगळी बॅकअप फाइल करायची सोय आहे ती लावून ठेवा.

सध्या दुळपदाच्या (गोव्यातल्या एका गीतप्रकाराच्या) 6/8 वर बसलोय, घुमटासोबत फक्त ब्रशने वाजवलेला स्नेअर. ग्रिड 1/8 ठेवलंय, सहा घरं, तिसरं आणि सहावं हलकं, पण त्यातलं सहावं थोडं लवकर यायला हवं असं कान सांगतोय, किती लवकर ते अजून ठरत नाहीय. 20 टिक्सला घाई वाटते, 10 ला काहीच वाटत नाही.