दुरून डोंगर साजरे: पॉपरचा पहिला डेक लाल की निळा?

रविवारी आमच्या मॅजिकच्या (मॅजिक: द गॅदरिंग, पत्त्यांचा खेळ) टेबलावर कोणी ना कोणी विचारतंच, "पॉपर खेळायचं ठरलंय, पहिला डेक कुठला बांधू?" (पॉपर हा मॅजिकचा एक प्रकार, डेक म्हणजे आपण निवडून बांधलेली साठ पत्त्यांची गड्डी, आणि लाल-निळा हे पत्त्यांचे रंग.) उत्तरही ठरलेलं असतं. "लाल बांध. बर्न. डोकं लावावं लागत नाही." बर्न म्हणजे समोरच्याला थेट जाळत सुटणारा डेक. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी तेच केलं. वर्षभर लाल खेळलो. मग निळा बांधला, डेल्व्हर आणि फेअरी या प्राण्यांचा, आणि आता दुसरं वर्ष त्याच्यावर चाललंय. दोन्ही डेक घरात आहेत, दोन्हींनी मार खाल्लाय, दोन्हींनी दिलाय. तेव्हा ऐकीव गोष्टी सांगत नाही, एवढं तरी म्हणू शकतो.

मॅजिक कसं खेळतात हे इथे सांगत बसत नाही. पॉपर म्हणजे फक्त कॉमन (सगळ्यात सहज मिळणारे) पत्ते, आणि २०१९ पासून कागदावर आणि ऑनलाइन चालणाऱ्या पत्त्यांची एकच अधिकृत यादी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पैशांचा मुद्दाही एका वाक्यात संपतो. मला दोन्ही डेक मिळून मेसच्या दोनेक महिन्यांच्या डब्याइतके पडले, त्यातले बरेच पत्ते परदेशातून येणाऱ्या मित्रांच्या बॅगेतून आले, आणि दोघांच्या किमतीत म्हणावा असा फरक नव्हता. पैशांवरून निवड करू नका.

आधी लालचं कौतुक, कारण ते खरंच आहे. समोरच्याचे २० लाइफ, ते शून्यावर आणायचे. लाइटनिंग बोल्ट तीनचा, म्हणजे तीन लाइफ घटवणारा. चेन लाइटनिंग तीनचा, लावा स्पाइक तीनचा, रिफ्ट बोल्ट एक टर्न उशिरा पण तीनचाच. सात पत्ते टाकले की २१, खेळ संपला. साठात १८ डोंगर धरले (माउंटन म्हणजे पत्ते टाकायला लागणारी ताकद, मॅना, देणारा पत्ता; त्याला आमच्याकडे सगळे डोंगरच म्हणतात) तर पहिल्या अकरा पत्त्यांत तीन-साडेतीन डोंगर येतात आणि उरलेले साडेसात-आठ पत्ते कामाचे. म्हणजे चौथ्या-पाचव्या टर्नला निकाल, आणि तोही समोरच्याचा डेक माहीत नसताना. नवख्या माणसाला याहून सोपं काही नाही. वर फायरब्लास्ट. सहा मॅना द्या, नाही तर दोन डोंगर बळी द्या आणि चारचा फटका मारा. समोरचा चार लाइफवर निवांत बसलाय, तुमचे सगळे डोंगर टॅप झालेले (त्या टर्नपुरते वापरून आडवे केलेले) आहेत, आणि तुम्ही त्यातले दोन उचलून ग्रेव्हयार्डात (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) ठेवता. त्या क्षणी समोरच्याचा चेहरा बघायला मी आजही पैसे देईन.

आता ज्या एका गोष्टीने माझं लालवरून मन उडालं, ती.

पावसाळ्यातला एक रविवार, तिसरा राउंड. समोर कॉलेजातला एक मुलगा, मोनो-ग्रीन एल्व्ह्ज (फक्त हिरव्या रंगाचा, एल्फ प्राण्यांचा डेक) घेऊन. दोघांचा एकेक गेम झालेला. तिसऱ्यात मी तोवर १५ पत्ते पाहिले होते. चार डोंगर टेबलावर, अकरा पत्ते वापरून झालेले, त्यातले पाच त्याच्या एल्व्ह्जवर गेले आणि सहा थेट त्याच्या तोंडावर. तो दोन लाइफवर. माझा हात रिकामा. मला कोणताही एक जळता पत्ता हवा होता, कोणताही.

वरचा पत्ता उचलला. डोंगर.

त्याने एल्व्ह्ज वाढवले. मी उचलला, डोंगर. त्याने वेलविशर टाकला. जितके एल्व्ह्ज तितके लाइफ देणारा हा प्राणी. नाव हितचिंतक, हित अर्थात त्याचं. पण तो आल्या आल्या टॅप होत नाही, म्हणजे मला अजून एक संधी होती. मी उचलला. तो मुलगा माझ्याकडे बघून अगदी मनापासून म्हणाला, "काका, परत डोंगर?"

परत डोंगर. त्याच्याकडे सहा एल्व्ह्ज होते, वेलविशर टॅप झाला, दोनाचे आठ झाले. पुढच्या टर्नला मला लाइटनिंग बोल्ट आला. आठाचे पाच. तिथून पुढचं सांगत नाही.

घरी येऊन हिशेब केला. ४५ पत्ते उरलेले, त्यात १४ डोंगर. लागोपाठ तीन येण्याची शक्यता साधारण चाळीसात एक. म्हणजे नशीब खराब होतं, कबूल. कदाचित माझं शफलही वाईट असेल, बायको तसं म्हणतेच. पण मला डाचलं ते वेगळंच. एकच डोंगर येण्याची शक्यता तीनात जवळपास एक आहे, आणि ही वेळ लालवर दर दुसऱ्या-तिसऱ्या गेमला येते, कारण हात रिकामा होणं हाच त्या डेकचा धर्म आहे. तुम्ही सगळं फेकून देता आणि मग गड्डीच्या वरच्या पत्त्याकडे आशेने बघत बसता. त्या दोन-तीन टर्नमध्ये तुम्ही खेळाडू नसता, सोडतीचं तिकीट घेतलेले गृहस्थ असता. लाल डेकचे डोंगर दुरून साजरे म्हणतात ते उगाच नाही.

डोंगर कमी करून पाहिले. १६ वर आणले, तर दुसऱ्याच आठवड्यात एकाच डोंगरावर चार टर्न बसून राहिलो, हातात दोन फायरब्लास्ट घेऊन. थर्मो-अल्केमिस्ट चार घातले. हा टॅप होऊन एकेक डॅमेज देतो आणि तुम्ही मंत्र टाकला की पुन्हा उभा राहतो. त्याने बराच फरक पडतो, नाही असं नाही. पण तो जगला तर, आणि आमच्या टेबलावर त्याला जगू देणारा अजून भेटला नाही.

आता निळा. निळ्या डेकच्या जाहिरातीत सगळे काउंटरस्पेल (समोरच्याने टाकलेला पत्ता रद्द करणारा मंत्र) दाखवतात. मी म्हणेन, प्रीऑर्डेन बघा. एक निळा मॅना, वरचे दोन पत्ते बघा, नको ते तळाला सारा, मग एक उचला. बस, एवढंच. तो पत्ता कोणाला मारत नाही, टेबलावर काही ठेवत नाही. पण त्या एल्व्ह्जवाल्या गेममध्ये माझ्या हातात एक प्रीऑर्डेन असता तर पहिला डोंगर आणि दुसरा डोंगर दोन्ही तळाला गेले असते. (तिसरा तरीही आला असता म्हणा.) पाँडर तीन पत्ते दाखवतो आणि आवडले नाहीत तर सगळी गड्डी शफल करू देतो. ब्रेनस्टॉर्म तीन उचलून दोन परत ठेवायला लावतो, म्हणजे कुठले दोन ठेवायचे हे तुमच्या हातात. डेल्व्हरला गड्डीच्या वर मंत्र लागतो, तो ब्रेनस्टॉर्मने आधीच वर ठेवता येतो, आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीला एक-एकचा (ताकद एक, तग एक) बारका माणूस तीन-दोनचा उडता किडा होतो. निळ्यातही बेटं (आयलंड, निळ्याचे डोंगर) नको तेव्हा येतात, पण आलेल्या बेटाचं काय करायचं याला उत्तर असतं. मला हवं होतं ते एवढंच.

एक चाल जवळून सांगतो, कारण मी निळ्याला चिकटून राहिलो त्यात तिचा मोठा वाटा आहे. चार बेटं टेबलावर, स्पेलस्टटर स्प्राइट आधीच उतरलेली. एक-एकची उडती फेअरी. ती हल्ल्याला पाठवली, समोरच्याकडे उडणारं काही नाही, त्याने "नो ब्लॉक" म्हटलं. आता दोन बेटं टॅप करून निंजा ऑफ द डीप अवर्स. स्प्राइट हातात परत येते, तिच्या जागी निंजा हल्ला करत उगवतो, दोन डॅमेज, आणि मला एक पत्ता. उरलेली दोन बेटं उभी. समोरच्याच्या टर्नला त्याने बोल्ट टाकला की तीच स्प्राइट पुन्हा उतरते आणि तो बोल्ट काउंटर होतो. एकच फेअरी दोनदा कामाला आली, हातातले पत्ते कमी व्हायच्या ऐवजी वाढले, आणि समोरचा पुढची पाच मिनिटं माझ्या उभ्या बेटांकडे बघत विचार करत बसतो. बऱ्याचदा तेव्हा माझ्या हातात काहीही नसतं.

मात्र निळ्याची दुखणीही आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहिलं, घड्याळ. ५० मिनिटांचा राउंड, मग पाच जादा टर्न, मग कागदावर बरोबरी. जिंकलात तर तीन गुण, बरोबरीला एक. सुरुवातीच्या महिन्यांत एकाच दिवशी माझे चारपैकी दोन सामने बरोबरीत सुटले. बाकी सगळे खाली वडापाव खात होते आणि आम्ही दोघं वर एकमेकांकडे बघत बसलो होतो, आयोजक मागे उभा. लालवाले विसाव्या मिनिटाला मोकळे होतात, हा फायदा छोटा नाही, विशेषतः घरी दुपारी तीनपर्यंत येतो असं सांगितलं असेल तर.

दुसरं दुखणं, काउंटरस्पेल टेबलावर आधीच उतरलेल्या गोष्टीचं काही करू शकत नाही. समोरचा पहिला खेळला, पहिल्याच टर्नला काही तरी उतरवलं, की तुमच्या हातातले दोन काउंटरस्पेल म्हणजे वरातीमागून घोडं. आणि काय अडवायचं, काय सोडायचं हे कळायला समोरच्याचा डेक ओळखता यावा लागतो. मला ते यायला सहा महिने लागले. तोवर मी बिनकामाचे मंत्र अडवत होतो आणि खरे सोडत होतो.

लालच्या मागे मात्र आणखी एक पीडा आहे, साइडबोर्डची (दोन गेमांच्या मधे बदलायला ठेवलेल्या जादा पत्त्यांची). हिरव्याकडे वेदर द स्टॉर्म असतो, दोन मॅनाचा, तीन लाइफ देणारा, पण त्या टर्नला आधी जितके मंत्र टाकले गेले तितक्या त्याच्या प्रती होतात. मी एकदा त्याच टर्नला दोन बोल्ट आणि फायरब्लास्ट टाकला, दहा डॅमेज, समोरचा दहावर, गेम माझाच. त्याने उत्तरादाखल तो पत्ता दाखवला. तीन मंत्र आधीचे, म्हणजे एकूण चारदा तीन, बारा लाइफ. माझे दोन डोंगर तर बळी गेलेलेच. निळ्याला या पत्त्याचं सोयरसुतक नाही, तो हळूहळूच मारतो. लालविरुद्ध निळा अशी गाठ पडली तर दोघांकडे आपापली औषधं असतात, तुमच्याकडे पायरोब्लास्ट, त्याच्याकडे हायड्रोब्लास्ट, तिथे मी कोणालाच झुकतं माप देणार नाही.

पत्त्यांवर अधिकृत बंदी येण्याचा धोका? दोघांनाही आहे. मे २०१९ मध्ये निळ्याचे गश, गिटॅक्सियन प्रोब आणि डेझ एकदमच गेले. लालकडून मे २०२३ मध्ये मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर गेली, माझ्या चार होत्या, आणि मार्च २०२५ मध्ये कुलडोथा रीबर्थ. साधे बोल्ट टाकणारा बर्न आणि साधे काउंटर टाकणारा निळा यातून वाचतात, कारण त्यांना कोणी फार घाबरत नाही.

तुम्हाला महिन्यातून एकदाच खेळायला मिळत असेल, दुसऱ्यांचे डेक पाठ करायचा कंटाळा असेल, तर लाल घ्या, मी आडवा येणार नाही. हरलात तरी लवकर हराल आणि पुढच्या राउंडआधी चहा होईल. पण दर आठवड्याला येणार असाल, आणि हरल्यावर "मी काय चुकलो" हे शोधायची सवय असेल, तर मला वाटतं निळा तुम्हाला जास्त काही देईल. लालमध्ये हरल्यावर मी बहुतेक वेळा एकाच निष्कर्षाला यायचो, की डोंगर आला. निळ्यात माझीच चूक सापडायची, आणि ती पुढच्या रविवारी सुधारता यायची.

खरेदीचं एक सांगतो. काउंटरस्पेल, ब्रेनस्टॉर्म, प्रीऑर्डेन हे चार-चार घेतलेत की ते तुमच्या पुढच्या प्रत्येक निळ्या डेकमध्ये जातात. मी त्याच पत्त्यांवर नंतर टोलॅरियन टेररचा निळा-काळा डेक उभा केला आणि नवे पत्ते अर्ध्याहून कमी लागले. लाइटनिंग बोल्टही असाच कुठेही चालतो, पण लावा स्पाइक बर्न सोडला तर कुठे घालणार? माझे चार अजून डबीत आहेत, रिफ्ट बोल्टसकट. कोणाला बदल्यात हवे असतील तर पाँडर घेऊन या.

फायरब्लास्ट मात्र मागू नका.